यान चोख्राल्स्की

यान चोख्राल्स्की (२३ ऑक्टोबर, १८८५ – २२ एप्रिल, १९५३) हे पोलिश रसायनशास्त्रज्ञ व धातुशास्त्रज्ञ होते. वितळलेल्या द्रव्यातून एकसंध स्फटिक हळूहळू वर ओढून काढण्याची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. इलेक्ट्रॉनिक चिप आणि सौरघट यांच्यासाठी लागणारे सिलिकॉनचे वेफर आज प्रामुख्याने याच पद्धतीने वाढवलेल्या स्फटिकांपासून तयार होतात. चोख्राल्स्की यांनी स्वतः सिलिकॉनचा स्फटिक कधी ओढला नाही. त्यांचे काम कथील, जस्त आणि शिसे या धातूंवरचे होते आणि त्यामागचा हेतूही निराळा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी त्यांच्यावर शत्रूशी सहकार्य केल्याचा आरोप झाला. न्यायालयीन कारवाईतून सुटका होऊनही विद्यापीठाने त्यांना परत घेतले नाही. हा निर्णय बदलण्यास ६५ वर्षांहून अधिक काळ लागला.

जन्म आणि शिक्षण

यान यांचा जन्म क्त्सिन्या या लहानशा गावी झाला. त्या काळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची वाटणी करून घेतली होती. क्त्सिन्या प्रशियाच्या वाट्याला आले होते आणि सरकारी दप्तरात त्याचे नाव एक्सिन असे होते. घरात पोलिश बोलायची आणि शाळेत, कचेरीत जर्मन वापरायची, अशी तेथील मुलांची स्थिती होती. निजामाच्या राजवटीत घरी मराठी बोलून शाळेत उर्दूतून शिकलेल्या मराठवाड्यातील जुन्या पिढीला ही स्थिती सहज समजेल. यान यांचे वडील फ्रांचिशेक सुतारकाम करीत. यान हे त्यांचे आठवे अपत्य होय.

मुलाने शिक्षक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यानुसार यान गावातील अध्यापक विद्यालयात शिकले. अखेरच्या परीक्षेतील गुण पाहून ते इतके संतापले, की त्यांनी प्रमाणपत्र फाडून टाकले, अशी कथा त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. कथेतील तपशील खरा असो वा नसो, शालान्त शिक्षणाचे अधिकृत प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हते आणि त्यामुळे विद्यापीठाचा सरळ मार्ग त्यांना बंद झाला. क्रोटोशिन येथील औषधालयात काही काळ काम करून १९०४ साली ते बर्लिनला गेले.

बर्लिनमधील वर्षे

बर्लिनमध्येही आरंभी त्यांनी औषधालयातच नोकरी केली. तेथे त्यांना रासायनिक विश्लेषणाचा सराव झाला. पुढे ते एईजी या नामांकित विद्युत कंपनीत दाखल झाले. नोकरी सांभाळून त्यांनी शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यापीठात व्याख्याने ऐकली. १९१० साली मूळ डच घराण्यातील पियानोवादक मार्गारिटा हासे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास तीन अपत्ये झाली.

विजेच्या तारांसाठी त्या वेळी तांबे वापरले जाई. त्याच्या जागी हलके ॲल्युमिनियम वापरता येईल का, हा कंपनीपुढील मोठा प्रश्न होता. तार ओढताना ती का तुटते, वाकवल्यावर धातू कडक का होतो, याचे उत्तर धातूच्या अंतर्गत रचनेत होते. धातूचा तुकडा वरून एकसारखा दिसला तरी तो आत असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. हे कण कसे वाढतात आणि ताण पडल्यावर एकमेकांवरून कसे सरकतात, याचा अभ्यास चोख्राल्स्की यांनी हाती घेतला. अभियंते विखार्ड फोन म्योलेनडोर्फ यांच्यासह त्यांनी या विषयावर १९१३ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला.

१९१६चा शोध

१९१६ साली चोख्राल्स्की प्रयोगाची टिपणे लिहीत बसले होते. शेजारी मुशीत वितळलेले कथील निवत ठेवले होते. लिहिण्याच्या तंद्रीत त्यांनी टाक दौतीत न बुडवता त्या मुशीत बुडवला, चूक लक्षात येताच झटकन वर ओढला आणि निबाच्या टोकाला घट्ट झालेल्या कथिलाचा एक बारीक धागा लोंबताना त्यांना दिसला, असे सांगितले जाते. पितळी भांड्यांना कल्हई करताना वापरतात, तोच हा धातू. तप्त कथिलात बुडवलेल्या वस्तूला कथील चिकटणे यात नवल नाही. चोख्राल्स्की यांनी मात्र तो धागा फेकून न देता तपासला. तेव्हा तो अनेक कणांचा नसून संपूर्ण धागा हा एकच स्फटिक असल्याचे आढळले.

असे घडण्याचे कारण निबाच्या चिरेत होते. त्या अरुंद फटीत प्रथम कथिलाचा सूक्ष्म स्फटिक तयार झाला आणि टाक वर जात असताना खालचे द्रव त्याच स्फटिकाच्या रचनेप्रमाणे एकामागून एक थर लावीत घट्ट होत गेले. खडीसाखर करताना पाकात सोडलेल्या दोऱ्याभोवती खडे धरतात, हे उदाहरण येथे काही अंशी लागू पडते. काही अंशी म्हणण्याचे कारण असे, की दोऱ्यावरचे खडे पुष्कळ आणि वेगवेगळ्या दिशांचे असतात, तर येथे पहिल्या कणाची दिशाच अखेरपर्यंत टिकते.

या निरीक्षणावरून त्यांनी एक साधे उपकरण तयार केले. मुशीत वितळलेला धातू, वर घड्याळासारख्या यंत्रणेवर चालणारा दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक बारीक काचनळी, एवढेच त्याचे मुख्य भाग होते. नळीचे टोक द्रवाला टेकवून दोरा ठरावीक गतीने वर ओढला, की धातूचा धागा वाढू लागे. गती फार वाढवली तर धागा तुटे. ज्या कमाल गतीपर्यंत तो तुटत नाही, ती त्या धातूची स्फटिकीभवनाची गती, असे त्यांनी मानले. कथील, जस्त आणि शिसे यांसाठी त्यांनी ही गती मोजली. निबंध ऑगस्ट १९१६मध्ये पाठवला गेला आणि १९१८ साली एका जर्मन भौतिकरसायन नियतकालिकात छापून आला. एकस्फटिक निर्माण करण्याची कृती म्हणून चोख्राल्स्की यांनी ही पद्धत मांडली नव्हती. निबंधाचे शीर्षक मापनाविषयीचे होते. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांत मात्र तिचा दुसरा उपयोग लवकरच ओळखला गेला, कारण धातूचे मूळ गुणधर्म तपासायला एकस्फटिकासारखे दुसरे साधन नव्हते.

फ्रँकफुर्ट

१९१७ साली चोख्राल्स्की फ्रँकफुर्ट येथील एका मोठ्या धातुउद्योगाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. जर्मन धातुशास्त्र संस्थेच्या १९१९मधील स्थापनेत त्यांचा सहभाग होता आणि १९२५पासून काही वर्षे ते तिचे अध्यक्ष होते. ज्या माणसाजवळ शाळेचा दाखला नव्हता, त्याला त्या काळच्या औद्योगिकदृष्ट्या अग्रेसर देशातील धातुशास्त्रज्ञांनी आपला अध्यक्ष निवडले होते.

हयातीत त्यांना कीर्ती आणि संपत्ती मिळाली, ती स्फटिकाच्या शोधामुळे नव्हे. रेल्वेच्या डब्यांची चाके फिरतात, त्या बेअरिंगच्या आतील अस्तरासाठी कथिलाचे प्रमाण अधिक असलेले संमिश्र वापरले जाई. कथील जर्मनीला बाहेरून आणावे लागे आणि महायुद्धानंतर ते परवडेनासे झाले. चोख्राल्स्की यांनी शिशात सोडियम, कॅल्शियम यांसारखे धातू अल्प प्रमाणात मिसळून कथील अजिबात नसलेले संमिश्र तयार केले. त्याला बी-धातू असे नाव मिळाले. अनेक देशांच्या रेल्वेने ते स्वीकारले आणि एकस्व हक्कांतून चोख्राल्स्की श्रीमंत झाले. मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांनी त्यांना अमेरिकेत नोकरी देऊ केली होती व त्यांनी ती नाकारली, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते.

वॉर्सातील प्राध्यापकी

पोलंड १९१८ साली पुन्हा स्वतंत्र झाला होता. तेथील राष्ट्राध्यक्ष इग्नात्सी मोशचित्स्की हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या निमंत्रणावरून चोख्राल्स्की विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस सहकुटुंब वॉर्साला आले. प्राध्यापकपदासाठी पदवी आवश्यक होती. वॉर्सा तंत्रविद्यापीठाने १९२९ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन ती अडचण दूर केली. पुढे त्यांच्यासाठी धातुशास्त्राची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिचे बरेचसे संशोधन संरक्षण खात्यासाठी होते. त्यांनी जर्मन नागरिकत्वाचा त्याग केला.

संपत्तीचा विनियोग त्यांनी सढळ हाताने केला. संगीतकार शोपँ यांच्या झेलाझोवा वोला येथील जन्मस्थानाच्या उभारणीस आणि बिस्कुपिन येथील प्राचीन वस्तीच्या उत्खननास त्यांनी देणग्या दिल्या. गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. ते स्वतः कविता लिहीत आणि वॉर्सातील त्यांच्या घरी साहित्यिकांची नियमित बैठक भरे. जन्मगावी त्यांनी बांधलेल्या बंगल्याला पत्नीच्या नावावरून मार्गोवो हे नाव दिले.

सर्वांनाच हे रुचले नाही. जर्मनीत पंचवीस वर्षे राहिलेला, पदवी नसलेला आणि धनाढ्य माणूस थेट प्राध्यापक होतो, याची सल काही सहकाऱ्यांना होती. धातुशास्त्रज्ञ विटोल्ड ब्रोन्येव्स्की यांनी बी-धातूमुळे पोलिश रेल्वेचे नुकसान झाल्याचा आरोप केला. प्रकरण न्यायालयात गेले व निकाल चोख्राल्स्की यांच्या बाजूने लागला. मात्र त्यातून निर्माण झालेली कटुता पुढे त्यांना महागात पडली.

युद्धकाळ

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. पोलिश लोकांसाठी उच्च शिक्षण बंद करण्यात आले आणि तंत्रविद्यापीठाला टाळे लागले. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून चोख्राल्स्की यांनी जर्मन अधिकाऱ्यांची परवानगी मिळवून विद्यापीठाच्या आवारात साहित्य-परीक्षण विभाग सुरू केला. या विभागाला जर्मनांची कामे करावी लागत, हे खरे आहे. त्याचबरोबर तेथील नोकरीच्या ओळखपत्रामुळे अनेक पोलिश प्राध्यापक व कर्मचारी सक्तमजुरीसाठी जर्मनीला नेले जाण्यापासून वाचले. प्रयोगशाळेतील उपकरणेही पुष्कळ अंशी शाबूत राहिली. पोलंडच्या भूमिगत सैन्यासाठी येथे गुप्तपणे काम चाले. अस्खलित जर्मन आणि जुन्या ओळखी यांच्या बळावर चोख्राल्स्की यांनी पकडलेल्या काही व्यक्तींची सुटकाही करवून घेतली.

भूमिगत कार्याची नोंद ठेवता येत नाही. अधिकाऱ्यांशी झालेल्या भेटी मात्र सर्वांना दिसतात. चोख्राल्स्की यांच्या पुढील दुर्दैवाचे मूळ बहुतांशी या विसंगतीत होते.

अटक आणि बहिष्कार

एप्रिल १९४५मध्ये नव्या राजवटीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अटक केली. शत्रूशी सहकार्य करून पोलिश जनतेचे अहित केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. प्योत्र्कुफ येथील तुरुंगात ते काही महिने होते. चौकशीत आरोपाला पुरावा मिळाला नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांची सुटका झाली. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉर्सा तंत्रविद्यापीठाच्या अधिसभेने त्यांना पुन्हा सेवेत न घेण्याचा निर्णय केला. न्यायालयाला जे दोषी आढळले नव्हते, त्यांना सहकाऱ्यांनी दूर केले. त्यानंतर पोलंडमधील वैज्ञानिक वर्तुळात त्यांचे नाव उच्चारले जाईनासे झाले.

साठीला आलेले चोख्राल्स्की क्त्सिन्याला परतले. तेथे त्यांनी बियॉन नावाचा लहानसा रासायनिक कारखाना काढला. सर्दीवरची पूड, बुटांचे पॉलिश, केस कुरळे करण्याचा द्राव अशा घरगुती वस्तू तेथे तयार होत. १९५३च्या वसंत ऋतूत गुप्त पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. त्यानंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २२ एप्रिल रोजी पोझ्नान येथे त्यांचे निधन झाले. क्त्सिन्याच्या जुन्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. १९९८पर्यंत त्या जागी त्यांच्या नावाचा दगडही नव्हता.

सिलिकॉन आणि चोख्राल्स्की पद्धत

बियॉनमध्ये पॉलिशचे डबे भरले जात होते, त्याच वर्षांत अमेरिकेत त्यांच्या पद्धतीला नवे जीवन मिळत होते. बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तेव्हा त्यासाठी जर्मेनियमचा बहुस्फटिक तुकडा वापरला होता. प्रत्येक तुकड्याचे गुण वेगळे येत. हा दोष दूर करायचा तर एकस्फटिकच हवा, असे गॉर्डन टील यांचे मत होते. वरिष्ठांना ते पटेना. टील यांनी जॉन लिटल यांच्यासह बराचसा प्रयोग नेहमीचे काम सांभाळून रात्री केला आणि वितळलेल्या जर्मेनियममधून एकस्फटिक वर ओढून दाखवला. १९५०मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच काळात टील आणि अर्नेस्ट ब्यूलर यांनी सिलिकॉनचा एकस्फटिक तयार केला. मे १९५४मध्ये टील यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या वतीने सिलिकॉन ट्रान्झिस्टर जाहीर केला. त्याच्या आधीच्याच महिन्यात, २५ एप्रिल १९५४ रोजी, बेल प्रयोगशाळेने सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट लोकांसमोर आणला होता. चोख्राल्स्की यांच्या मृत्यूला तेव्हा एक वर्ष आणि तीन दिवस झाले होते.

आजच्या कारखान्यांतील प्रक्रिया गारगोटीपासून सुरू होते. गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. विद्युतभट्टीत कोळशाच्या साहाय्याने त्यातील ऑक्सिजन काढून टाकला, की सुमारे ९८ ते ९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळते. चिपसाठी एवढी शुद्धता अगदीच अपुरी असते. म्हणून सिलिकॉनचे वायुरूप होऊ शकणारे क्लोरीनयुक्त संयुग बनवून ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात आणि त्यातून पुन्हा सिलिकॉन मिळवतात. हे बहुस्फटिक सिलिकॉन गारगोटीच्याच शुद्ध काचेच्या मुशीत, आर्गॉन वायूच्या वातावरणात, १४१४ अंश सेल्सिअस या द्रवणांकापर्यंत तापवून वितळवतात. बोरॉन किंवा फॉस्फरस यांचा अत्यल्प अंश त्यात मिसळला, की सिलिकॉनच्या वीजवाहकतेला हवे तसे वळण मिळते.

यानंतरची कृती १९१६च्या उपकरणाशी थेट नाते सांगते. दोऱ्याच्या टोकावरील काचनळीच्या जागी आता अचूक दिशेने कापलेला सिलिकॉनचा बीजस्फटिक असतो. तो द्रवाला टेकवून फिरवत फिरवत अतिशय संथ गतीने वर ओढतात. मूस बहुधा उलट दिशेने फिरत असते. आरंभी स्फटिक मुद्दाम बारीक मानेसारखा ओढला जातो, त्यामुळे बीजातील दोष त्या मानेतच संपून जातात. ही युक्ती विल्यम डॅश यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस शोधली. मग व्यास वाढवत नेऊन दंडगोल तयार होतो. चोख्राल्स्की कमाल गती शोधत होते. येथे गती आणि तापमान यांवरील नियंत्रण हेच सर्वस्व असते, कारण त्यावरच व्यास व निर्दोषता अवलंबून असते. मुशीच्या काचेतून थोडा ऑक्सिजन द्रवात उतरतो, ही या पद्धतीची जन्मजात मर्यादा आहे.

दंडगोल हिऱ्याच्या कणांनी मढवलेल्या तारेने कापून पातळ चकत्या करतात. याच चकत्यांना वेफर म्हणतात. चिपसाठीच्या वेफरचा प्रचलित मोठा व्यास ३०० मिलिमीटर असून जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. त्याला आरशासारखी झिलई द्यावी लागते. सौरघटाच्या वेफरला तेवढी झिलई लागत नाही, आणि तो बराच पातळ, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जाडीचा असतो. दंडगोलाच्या बाजू तासून चकती जवळजवळ चौकोनी केली जाते, म्हणजे पॅनेलवर जागा वाया जात नाही. एकस्फटिक सौर पॅनेलवर दिसणारे छाटलेल्या कोपऱ्यांचे चौकोन हे मुळात गोल स्फटिकाचे तुकडे आहेत, हे त्या छाटलेल्या कोपऱ्यांवरूनच कळते. पूर्वी साच्यात ओतून केलेले स्वस्त बहुस्फटिक वेफर सौरघटांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जात. गेल्या काही वर्षांत त्यांची जागा एकस्फटिकाने जवळपास पूर्णपणे घेतली आहे. कंधार, लोहा यांसारख्या तालुक्यांच्या शिवारांत विहिरीच्या काठावर उभ्या राहणाऱ्या सौर कृषिपंपांच्या पॅनेलपर्यंत ही पद्धत आता पोहोचली आहे. कारखान्यांत तिचा उल्लेख सीझेड या दोन आद्याक्षरांनीच होतो. त्यामुळे ही अक्षरे एका माणसाच्या नावातील आहेत, हे अनेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही.

पुनर्वसन

परदेशातील स्फटिकशास्त्रज्ञांच्या लेखनात चोख्राल्स्की हे नाव सतत येत असताना पोलंडमध्ये त्यांच्याविषयी माहिती विचारणाऱ्यास उत्तर मिळणे कठीण होते. १९८०च्या दशकापासून काही अभ्यासकांनी त्यांच्या चरित्राची साधने गोळा करण्यास आरंभ केला. स्फटिकशास्त्रज्ञ पावेल टोमाशेव्स्की यांचे काम त्यात विशेष महत्त्वाचे मानले जाते. तंत्रविद्यापीठासमोर हा विषय एकाहून अधिक वेळा आला, पण १९४५चा निर्णय स्पष्टपणे रद्द झाला नाही. अखेर अभिलेखागारात भूमिगत सैन्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध दर्शवणारी कागदपत्रे मिळाली. त्यांच्या आधारे २९ जून २०११ रोजी अधिसभेने त्यांचे पूर्ण पुनर्वसन केले. पोलंडच्या संसदेने २०१३ हे वर्ष यान चोख्राल्स्की वर्ष म्हणून घोषित केले. त्या वर्षी त्यांच्या मृत्यूला ६० वर्षे पूर्ण झाली.